ऑस्कर मिळालं, मग काम का थांबलं? रिटा मोरेनोच्या नकाराचा अभ्यास

९ एप्रिल १९६२. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या सभागृहात ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून नाव पुकारलं गेलं, तेव्हा रिटा मोरेनोजवळ भाषणच तयार नव्हतं. पुरस्कार अभिनेत्री ज्युडी गार्लंडला जाणार असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. विश्वासच बसत नाही, अशा अर्थाचं एखाद-दुसरं वाक्य बोलून ती मंचावरून उतरली. अभिनयाचं ऑस्कर जिंकणारी ती पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची स्त्री. वय तीस. त्यानंतर तिचा एक चित्रपट आला, तोही आधीच घेतलेला, आणि मग १९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत हॉलिवूडच्या पडद्यावर ती जवळपास दिसलीच नाही.

तिला कुणी काढलं नव्हतं. कामं येत होती आणि ती ‘नको’ म्हणत होती. या नकाराकडे आज सगळे कौतुकानं बघतात आणि मलाही त्याचं मोल फार वाटतं. पण नुसतं कौतुक केलं की तिनं काय तोलून पाहिलं, काय गमावलं आणि कशाच्या आधारावर ती तगली, हे पाहायचं राहून जातं. प्रकरण अभ्यासात एरवी माणसांची नावं बदलतात. इथे सारा तपशील सार्वजनिक आहे, बराचसा तिनं स्वतःच आत्मचरित्रात आणि मुलाखतींत सांगितलेला, म्हणून नाव तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

रोसा दोलोरेस अल्वेरीओ हे तिचं जन्माचं नाव. जन्म ११ डिसेंबर १९३१, कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या उमाकाओ गावात. लहानपण शेजारच्या हुंकोसमध्ये. १९३६ साली आई तिला घेऊन जहाजानं न्यू यॉर्कला आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, शिवणकाम करून पोट भरणारी बाई, आणि तिच्यासोबत जेमतेम पाच वर्षांची पोर. धाकटा भाऊ बेटावरच राहिला.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. १९१७ च्या कायद्यानं प्वेर्तो रिकोचे लोक अमेरिकेचे नागरिक झालेले होते. म्हणजे ही मुलगी परदेशातून आलेली नव्हती, ती आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात आली होती. तरी शाळेत, रस्त्यावर आणि पुढे स्टुडिओत तिला परकीच धरलं गेलं. तिच्या कारकिर्दीतला प्रत्येक पेच फिरून याच जागी येतो.

न्यू यॉर्कमध्ये ती पाको कान्सिनो यांच्याकडे स्पॅनिश नृत्य शिकली. हे प्रसिद्ध अभिनेत्री रिटा हेवर्थचे काका. अकराव्या वर्षी ती इंग्रजी चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांसाठी डबिंग करत होती, तेराव्या वर्षी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक नाटकांच्या, रंगमंचावर उभी राहिली. लग्नकार्यांत, समारंभांत नाचून घरात पैसे आणत होती. नाचणं हा तिचा छंद नव्हता, तो घरच्या मिळकतीचा भाग होता. आणि नाच, गाणं, आवाज, रंगमंच असं सगळं हातात असणं पुढे फार कामाला आलं.

किशोरवयातच एमजीएम या बड्या चित्रपट स्टुडिओचे सर्वेसर्वा लुई बी. मेयर यांच्या भेटीचा योग आला. भेट न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात. जाण्याआधी तिनं केस, भुवया, ओठ, सगळं एलिझाबेथ टेलरसारखं करून घेतलं. डोळ्यांसमोर ठेवावी अशी प्वेर्तो रिकोची अभिनेत्री पडद्यावर तिनं पाहिलेलीच नव्हती, मग नक्कल कुणाची करणार? मेयरना ती स्पॅनिश एलिझाबेथ टेलर वाटली आणि करार झाला. रोसिताचं (हे रोसाचं लाडकं रूप) रिटा झालं. मोरेनो हे आडनाव सावत्र वडिलांचं.

त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांच्या भूमिका पाहा. १९५० मध्ये ताहिती बेटावरची मुलगी. मग कधी अमेरिकेतली आदिवासी तरुणी, कधी मेक्सिकन. १९५६ च्या ‘द किंग अँड आय’मध्ये सयामच्या राजाला भेट म्हणून पाठवलेली बर्मी मुलगी तुप्तिम. १९५८ मध्ये ‘फादर नोज बेस्ट’ या लोकप्रिय टीव्ही मालिकेत तर ती चक्क भारतातून शिकायला आलेली विद्यार्थिनी झाली होती. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मधली छोटी भूमिका मात्र निराळी. तिथे ती नुसती मूकपटांच्या काळातली एक नटी आहे. कुठल्या जातीची, कुठल्या देशाची, हे विचारायचं कारणच पडत नाही. अशा भूमिका बोटावर मोजण्याइतक्या.

या साऱ्या परक्या मुलींसाठी तिनं एकच उच्चार तयार केला होता. ताहितीची असो वा बर्माची, बोलायची तशीच. दिग्दर्शकांना फरक कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. हे ती नंतर मुलाखतींत हसून सांगत आली आहे. मला ते ऐकताना हसू येत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला आपल्या कामात खरेपणाची गरजच कुणाला नाही असं रोज कळत असेल, तर ते आत कुठेतरी साचत जातं. १९५४ च्या मार्चमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचं छायाचित्र आलं, पाठोपाठ ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओचा करारही झाला. भूमिकांची पठडी मात्र तीच राहिली.

अडचण

‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) हे तिच्या आयुष्यातलं मोठं वळण. न्यू यॉर्कमधल्या दोन टोळ्या, त्यातली एक प्वेर्तो रिकोच्या पोरांची. नृत्यदिग्दर्शक आणि सहदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स तिला ‘द किंग अँड आय’पासून ओळखत होते. अनिताची भूमिका तिला मिळाली. प्वेर्तो रिकोची मुलगी प्वेर्तो रिकोच्याच बाईची भूमिका करणार, अशी वेळ पहिल्यांदा आली होती. चित्रपटाची नायिका मारिया मात्र रशियन स्थलांतरितांच्या घरातल्या नॅटली वुडनं केली, आणि मारियाचा भाऊ बर्नार्दो ग्रीक वंशाच्या जॉर्ज चाकिरिसनं.

या चित्रीकरणाच्या आगेमागे दोन प्रसंग घडले. पुढचा मोठा नकार मला या दोन प्रसंगांतूनच कळला, म्हणून त्यांवर थोडं थांबतो.

पहिला प्रसंग गाण्याचा. १९५७ च्या मूळ नाटकात अमेरिकेच्या गुणगानाचं जे गाणं आहे, त्यात अनिता प्वेर्तो रिकोला कुरूप बेट म्हणते, रोगराईचं बेट म्हणते. भूमिका हातात आल्यावर रिटाला ते शब्द आठवले. आपल्याच माणसांबद्दल हे गायचं? भूमिका सोडावी का, इथवर तिचा विचार गेला होता. आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी, आणि अडचण दोन ओळींची. शेवटी चित्रपटासाठी ते शब्द बदलले गेले आणि तिच्यावर तो निर्णय घ्यायची वेळ आली नाही. पण नकाराची तयारी तिच्या मनात तेव्हाच झाली होती.

दुसरा प्रसंग रंगभूषेचा. प्वेर्तो रिकोच्या टोळीतल्या सगळ्यांना एकाच गडद तपकिरी रंगात माखलं जात होतं. रिटानं रंगभूषाकाराला सांगून पाहिलं की आमच्यात गोरे असतात, सावळे असतात, काळे असतात, सगळ्या छटा असतात. माझा रंग हा नाही. त्यावर त्यानं तिलाच विचारलं, तू वर्णद्वेष्टी आहेस की काय? ती गप्प झाली. तिनं तो रंग लावला आणि चित्रीकरण पुरं केलं.

एका ठिकाणी ती अडून बसायला तयार होती, दुसऱ्या ठिकाणी तिनं मान तुकवली. मला यात विसंगती दिसत नाही. शब्द तिच्या तोंडून बाहेर पडणार होते, त्यांची जबाबदारी ती स्वतःची मानत होती. रंग दुसऱ्याच्या हातानं लागत होता आणि उलट प्रश्न असा आला की प्रामाणिक माणूस क्षणभर स्वतःवरच संशय घेईल. सेटवर एकट्या पडलेल्या माणसाचं असंच होतं.

चित्रपटाला दहा ऑस्कर मिळाली, त्यातलं एक तिचं. न्यू यॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन वस्तीत त्या रात्री लोक खिडक्यांतून ओरडत होते, असं तिनं सांगितलं आहे. जणू पुरस्कार प्रत्येक घरात आला होता. आणि समारंभासाठी ती आली होती कुठून? मनिलाहून. तिथे ‘क्राय ऑफ बॅटल’चं काम चालू होतं आणि ती त्यात फिलिपिनो गनिमी योद्धा होती. ऑस्करला घातलेला पोशाखही तिथल्याच पिटॉय मोरेनो या नामवंत रचनाकाराचा.

ऑस्करनंतर जे देकार आले ते अनिताच्याच फिक्या नकला होत्या. टोळ्यांच्या कथा, त्याही पहिलीपेक्षा हलक्या. तीच भडक लाल ओठांची, मोडकं इंग्रजी बोलणारी बाई. अनितामध्ये निदान स्वाभिमान होता, विनोद होता, दुःख होतं. या नव्या कागदी बायांमध्ये उच्चार सोडून काही नव्हतं.

समोरचे पर्याय

तिच्यासमोर काय काय मार्ग होते हे पाहताना मी त्या काळातल्या आणि नंतरच्या इतर अभिनेत्रींची वाट शेजारी ठेवतो. तिनं स्वतः हे असं कागदावर मांडलं होतं असा माझा दावा नाही. पण हे रस्ते तिच्या आसपास होतेच.

एक, मिळेल ते करणं. हा मार्ग कमीपणाचा आहे असं मी मुळीच मानत नाही. टेक्ससच्या एल पासोत जन्मलेली लुपे ओंतिवेरोस ही पुढच्या पिढीतली गुणी अभिनेत्री. आपण दीडशेच्या आसपास वेळा मोलकरीण केली असेल, असा हिशेब तिनं सांगितला होता. शिकलेली, समाजकार्याचा अनुभव असलेली बाई. ऑडिशनला गेलं की मोडकं इंग्रजी हवं असायचं. ती त्या मोलकरणींत जीव ओतत राहिली, कारण घरोघर राबणाऱ्या खऱ्या बायकांचा तिला अभिमान होता, आणि घरही चालवायचं होतं. २००२ च्या ‘रियल विमेन हॅव कर्व्ज’मध्ये तिला आईची भरीव भूमिका मिळाली तेव्हा ती साठीला आली होती. या मार्गानं काम सुटत नाही. फक्त वाट पाहण्यात उमेदीची वर्षं निघून जातात.

दोन, ओळख पुसून टाकणं. रिटा हेवर्थ मूळची मार्गारिता कार्मेन कान्सिनो, स्पॅनिश नर्तकाची मुलगी. स्टुडिओनं तिचे काळे केस रंगवले, कपाळावरचे केस वीज लावून काढले, वडिलांकडचं आडनाव जाऊन आईकडचं आलं, आणि ती अमेरिकेची लाडकी झाली. मोरेनोला तिच्याच काकांनी नाच शिकवला होता. ही वाट कशी चालायची हे तिला घरच्यासारखं ठाऊक असणार. पण १९६२ पर्यंत उशीर झाला होता. ज्या बाईला साऱ्या देशानं अनिता म्हणून पाहिलं, तिला आता दुसरं कोण मानणार?

तीन, दुसऱ्या देशाच्या चित्रपटसृष्टीत जाणं. मेक्सिकोच्या दोलोरेस देल रिओनं १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूड सोडलं, मायदेशी परतली आणि ‘मारिया कांदेलारिया’सारखा चित्रपट केला. १९४६ च्या कान महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळालेल्यांत स्थान होतं. पण देल रिओमागे मेक्सिकोचा भरभराटीला आलेला चित्रपटउद्योग उभा होता. प्वेर्तो रिकोत त्या तोलाचं काहीच नव्हतं. शिवाय पाचव्या वर्षी बेट सोडलेल्या मुलीचं घर आता न्यू यॉर्क होतं.

चार, पडद्याला थांब म्हणून रंगमंचावर जाणं. तिनं हा निवडला.

या चौथ्या मार्गाबद्दल बोलताना लोक धैर्याची गोष्ट करतात. धैर्य होतंच. पण धैर्यामागे हाती असलेली कसबं होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती फक्त चित्रपटाची नटी असती तर हा नकार म्हणजे घरी बसणं ठरला असता. तेराव्या वर्षी पाहिलेला रंगमंच, रोजचा नाच, तयार गळा, यांमुळे तिच्याकडे जायला दुसरी जागा होती. ज्याला अशी जागा नाही त्या नटाला ‘तूही नकार दे’ असं सांगणं मला क्रूर वाटतं.

काय केलं

१९६४ मध्ये ती लंडनला गेली. वेस्ट एंड या तिथल्या नाटकांच्या भागात ‘शी लव्हज मी’ या संगीतिकेत तिनं इलोना केली. बुडापेस्टच्या अत्तराच्या दुकानातली एक विक्रेती. ना प्वेर्तो रिको, ना ताहिती. त्याच वर्षी ब्रॉडवेवर नाटककार लोरेन हॅन्सबेरीच्या ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो’त ती आयरिस झाली. न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहणारी, नटी व्हायला धडपडणारी, लग्नात घुसमटणारी बायको. हॅन्सबेरी तेव्हा कर्करोगानं आजारी होती. जानेवारी १९६५ मध्ये तिचं निधन झालं आणि नाटकही थांबलं. नाटक फार चाललं नाही. पण चित्रपटातल्या दहा वर्षांत जी गुंतागुंतीची बाई मोरेनोला साकारायला मिळाली नव्हती, ती इथे मिळाली.

याच काळात ती रस्त्यावरही उतरली. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांचा प्रचंड मोर्चा निघाला. गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी कलावंतांना एकत्र आणलं होतं, त्यांत ती होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण तिनं जवळून ऐकलं. रंगभूषाकाराच्या प्रश्नापुढे ती एकटी गप्प बसली होती, त्याला तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. आता आजूबाजूला माणसं होती. नकार टिकवायला अशी सोबत लागते असं मला वाटतं. तिनं स्वतः हे या शब्दांत म्हटलेलं नाही.

१९६५ मध्ये तिनं लेनर्ड गॉर्डन या डॉक्टरांशी लग्न केलं. मुलगी झाली. घरात स्थैर्य आलं. चित्रपटांत ती परतली ती १९६९ च्या सुमारास, आणि मग १९७१ च्या ‘कार्नल नॉलेज’मध्ये एका छोट्या पण लक्षात राहणाऱ्या प्रसंगात. ऑस्करनंतर सात वर्षं आपण चित्रपट केला नाही, असं ती सांगते. मनिलात आधीच चालू असलेला ‘क्राय ऑफ बॅटल’ १९६३ मध्ये लागला होता, तो सोडला तर हिशेब साधारण तसाच बसतो. तिशीपासून सदतिशीपर्यंतची वर्षं. चित्रपटातल्या बाईची हीच ऐन भराची वर्षं समजली जातात, आणि ती परत मिळत नाहीत.

तिचा दुसरा निर्णय लोकांच्या फारसा लक्षात येत नाही, पण मला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये सार्वजनिक वाहिनीवर ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ हा मुलांना वाचायला शिकवणारा कार्यक्रम सुरू झाला. ऑस्कर मिळालेली नटी त्यात रोज वेगळा विग घालून आरडाओरडा करत अक्षरं शिकवू लागली. तेव्हा फारसं नाव नसलेला अभिनेता मॉर्गन फ्रीमन तिच्यासोबत होता. कार्यक्रमाच्या सुरुवातीची तिची ती खणखणीत आरोळी एका सबंध पिढीच्या कानांत राहिली. लहान मुलांचं काम म्हणजे पायरी उतरणं, अशी समजूत त्या धंद्यात होती, आजही आहे. ती सहा वर्षं त्यात रमली. १९७२ मध्ये या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेनं तिला ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळवून दिला.

मग आली गूगी गोमेझ. ही बाई रिटानंच मित्रमंडळींत हसवण्यासाठी घडवली होती: सूर नसलेली, इंग्रजीची वाट लावणारी, पण आपण महान गायिका आहोत याबद्दल तिळमात्र शंका नसलेली प्वेर्तो रिकन नटी. नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांनी एका मेजवानीत ती पाहिली आणि तिच्यासाठी ‘द रिट्झ’मध्ये जागा केली. १९७५ मध्ये या भूमिकेला टोनी हा रंगभूमीचा मोठा पुरस्कार मिळाला.

इथे वाचक अडखळेल आणि अडखळावंच. ज्या उच्चाराला नकार देऊन तिनं सात वर्षं घालवली, तोच उच्चार पुन्हा? त्या वेळीही काहींनी तिच्यावर तोच आक्षेप घेतला होता. तिचं म्हणणं असं, की असली पात्रं लिहिणाऱ्यांचीच ती खिल्ली उडवत होती. मला तिचं पटतं, तरी थोडी हुरहुर उरते. फरक मालकीचा आहे. पूर्वी उच्चार तिच्यावर लादला जायचा, आता तो कुठे ताणायचा आणि कुठे थांबवायचा हे ती ठरवत होती. पण सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेला प्रेक्षक नटीला हसतोय की बनवलेल्या साच्याला, हे कुणी ठरवू शकत नाही. हा प्रश्न तिनं सोडवला असं मी म्हणणार नाही.

परिणाम

१९७७ मध्ये ‘द मपेट शो’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमासाठी तिला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या भागात ती सावकाश, मादक चालीत एक जुनं गाणं म्हणते आणि मागे ढोल बडवणारा बाहुला दर ओळीला घोटाळा घालतो. तिचा चढत जाणारा राग बघण्यासारखा आहे. त्या एमीनं ऑस्कर, ग्रॅमी, टोनी आणि एमी अशी चौकडी पूर्ण झाली. तोवर हे फक्त दोघांना जमलं होतं, संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि अभिनेत्री हेलन हेज. पुढच्याच वर्षी ‘द रॉकफर्ड फाइल्स’साठी दुसरं एमी आलं.

पण हे पुरस्कार म्हणजे तिच्या नकाराला मिळालेलं फळ, असं लिहिण्याचा मोह मी टाळतो. चारपैकी तीन पुरस्कार चित्रपटाबाहेरचे आहेत. हॉलिवूडनं तिच्यासाठी दार उघडलं नाही. तिनं रंगमंच, मुलांचा टीव्ही आणि ध्वनिमुद्रिका यांत आपली जागा केली. चित्रपटांत नायिकेच्या तोलाची भूमिका तिला त्या वयात मिळालीच नाही. नकारानं तिची प्रतिष्ठा वाचली, हॉलिवूडची सवय मोडली नाही.

पुढचं थोडक्यात. १९९७ पासून ‘ऑझ’ या तुरुंगावरच्या मालिकेत ती नन आणि मानसशास्त्रज्ञ होती. २००४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, २०१५ मध्ये केनेडी सेंटरचा कलावंतांसाठीचा सन्मान. २०१७ मध्ये ‘वन डे अॅट अ टाइम’ या मालिकेत ती क्युबाहून आलेली आजी झाली, तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. भूमिका स्वीकारताना तिनं अट घातली: ही आजी शृंगार विसरलेली नसेल. लाल ओठ, ताठ मान, नाचत पडदा सरकवून प्रवेश करणारी ही बाई तिनं आग्रहानं तशी घडवली. १९६२ मध्ये जे लाल ओठ तिला जाचत होते ते इथे तिनं मागून घेतले, कारण आता त्यांच्यामागे स्थलांतराचं दुःख, कर्मठपणा, नातवंडांवरची माया असं सगळं माणूस उभं होतं.

‘वेस्ट साइड स्टोरी’ पुन्हा करायचं ठरवून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिला बोलावलं, तेव्हा आपण शोभेपुरत्या झलकेसाठी येणार नाही असं तिनं सांगितलं. झलक नव्हतीच. तिच्यासाठी व्हॅलेंटिना ही नवी भूमिका लिहिली होती, आणि ती कार्यकारी निर्मातीही झाली. १९६१ च्या चित्रपटात दुकानात अनितावर टोळीतली पोरं तुटून पडतात. ते चित्रीकरण करताना रिटा हुंदके देऊन कोसळली होती. २०२१ च्या चित्रपटात त्याच प्रसंगात व्हॅलेंटिना येते आणि पोरांना खडसावते. साठ वर्षांनी तीच बाई त्याच खोलीत शिरते. मी तो भाग सलग बघू शकलो नाही.

मार्च २०२२ मध्ये अनिताच्याच भूमिकेसाठी एरियाना डीबोसला ऑस्कर मिळालं. रिटा प्रेक्षकांत होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा नकाराच्या पद्धतीचा. तिनं काय नको ते स्पष्ट सांगितलं. काय हवं ते कुणाकडे, कोणत्या ताकदीनं मागायचं, याची सोय तेव्हा नव्हती. ऑस्करनंतरचे काही महिने नटाचा शब्द सगळ्यात वजनदार असतो. त्या काळात एखाद्या लेखकाबरोबर बसून, एखादी कथा स्वतः विकत घेऊन चित्रपट उभा करता आला असता का? आज अभिनेत्री निर्मिती संस्था काढतात म्हणून हे सुचतं. १९६२ मध्ये तीस वर्षांच्या प्वेर्तो रिकन बाईला पैसा कोण देणार होतं? तरीही ही वाट पडताळून न पाहता पुढे जाऊ नये असं मला वाटतं, कारण तिच्या हाती पुढे जे काही खरं लागलं, गूगी असो वा क्युबन आजी, ते तिनं स्वतः घडवल्यामुळे लागलं.

दुसरा मुद्दा सात वर्षांचा. सरसकट नकाराऐवजी एखादी पठडीतली भूमिका घेऊन ती आतून बदलता आली असती, असं म्हणणारे आहेत. ओंतिवेरोसनं आयुष्यभर तेच केलं. पण त्यासाठी दिग्दर्शक ऐकणारा लागतो, आणि एकाच उच्चारात साऱ्या जगाच्या मुली खपवणाऱ्या सेटवर दहा वर्षं काढलेल्या बाईला तसा दिग्दर्शक भेटेल असा भरवसा का वाटावा? या ठिकाणी मी तिच्या बाजूनं उभा आहे.

तिसरा मुद्दा रंगभूषेच्या खोलीचा, आणि तो अजून संपलेला नाही. ‘आमच्यात सगळ्या छटा असतात’ हे तिनं १९६० मध्ये एकटीनं सांगितलं होतं आणि तिला गप्प केलं गेलं होतं. त्या सेटवर सगळ्या नर्तकांनी मिळून तेच म्हटलं असतं तर? जून २०२१ मध्ये तिच्यासमोर तोच प्रश्न उलट दिशेनं आला. न्यू यॉर्कच्या लॅटिनो वस्तीवरच्या ‘इन द हाइट्स’ या नव्या चित्रपटात काळ्या वर्णाचे लॅटिनो प्रमुख भूमिकांत दिसत नाहीत, अशी टीका तरुण प्रेक्षक करत होते. चित्रपटामागचे लिन-मॅन्युएल मिरांडा तिच्या जवळचे. टीव्हीवरच्या मुलाखतीत तिनं त्यांची बाजू घेतली. टीका करणाऱ्यांनी जरा थांबावं, असा तिचा सूर होता. लोक दुखावले. नव्वदीला टेकलेल्या, सारे सन्मान मिळवलेल्या बाईला हे सोडून देता आलं असतं. दुसऱ्याच दिवशी तिनं जाहीर माफी मागितली. काळ्या लॅटिनोंचं आयुष्य आपण नजरेआड केलं, हे तिनं मान्य केलं.